आमच्या राहुट्यांचे तणावे



या ग्रंथात दिंडीच्या स्थापनेविषयी, विण्याच्या परंपरेविषयी, कीर्तनकारांविषयी आणि अन्नदानाविषयी जाणत्या मंडळींनी लिहिले आहेच. आमच्या वाट्याला सामान आले. आम्ही म्हणजे दिंडीचे सामानवाले. वारकरी भजनात चालत असतात तेव्हा पुढच्या तळावर जाऊन राहुट्या उभ्या करायच्या, आणि पहाटे मंडळी आंघोळीला गेली की पाडून ट्रकमध्ये भरायच्या, हे आमचे काम. संपादक मंडळाने "राहुट्यांविषयी चार पानं लिहा" म्हणून सांगितले. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की कापड फाटले की बदलले, बांबूचे खांब जाऊन लोखंडी नळ्या आल्या, यापलीकडे राहुटीचे सांगण्यासारखे फार नाही. सांगण्यासारखे आहे ते दोरांचे. बैठकीत एकाने विचारलेच, "दोरांचा कसला आलाय इतिहास?" तेव्हा आम्ही गप्प बसलो. आता लिहूनच सांगतो.

राहुटीच्या कापडापासून जमिनीतल्या मेखेपर्यंत जो दोर ताणतात त्याला तणावा म्हणतात. खांब राहुटीला उंची देतो, पण तिला उभी धरतो तणावा. आषाढाचा वारा कापडात शिरला की राहुटी शिडासारखी फुगते, आणि तो सगळा जोर त्या बोटभर जाडीच्या दोरावर येतो. आत चाळीस-पन्नास माणसे झोपलेली असतात. दिवसभर वीस-पंचवीस किलोमीटर चाललेली माणसे. ती मुडद्यासारखी झोपतात. वारा सुटला तर त्यांच्या आधी आम्हाला जाग आली पाहिजे.

दिंडीच्या पहिल्या काही वर्षांत राहुटी नव्हतीच. देवळाची ओसरी, धर्मशाळा, एखाद्या शेतकऱ्याचा गोठा, नाहीतर झाडाखाली घोंगडी. दिंडीबरोबर एक बैलगाडी असे, तिच्यात शिधा आणि भांडी. पाऊस आला की गाडीच्या दांड्यांवर जाडेभरडे कापड टाकून बैलांच्या दाव्यांनी आणि कासऱ्यांनी ते कुठेतरी बांधायचे. जुन्या मंडळींनी याला 'पाल' म्हटले आहे. म्हणजे दिंडीचे पहिले तणावे हे बैलांचे होते, आणि सकाळी ते बैलांना परत द्यावे लागत. एका म्हाताऱ्या विणेकऱ्यांनी आमच्या वडिलांना सांगितले होते, की पहाटे पाल उतरवायला उशीर झाला म्हणून बैल सुटून उसात गेले आणि अख्ख्या दिंडीने शेतमालकाची बोलणी खाल्ली.

पुढे मांजरपाटाची एक मोठी राहुटी शिवून घेतली आणि तिच्यासाठी वेगळे दोर वळून घ्यावे लागले. दिंडीची जुनी वही मोडीत आहे. मोडी वाचणारे गृहस्थ गावात एकच उरलेत, त्यांच्याकडून वाचून घेतली. त्यात राहुटी शिवणाऱ्या शिंप्याचे नाव आहे. कापड देणाऱ्या दुकानदाराचे नाव आहे, त्याने कापडात सूट दिली म्हणून त्याला नारळ दिल्याची नोंदसुद्धा आहे. दोरांपुढे फक्त 'दोरवाला' असे आहे. दरवर्षी, ज्येष्ठ लागायच्या सुमारास, 'दोरवाला' आणि पुढे रक्कम.

हा दोरवाला कोण ते आम्हाला ठाऊक आहे, कारण त्या घराण्याशी आमचा संबंध अजून आहे. शेजारच्या गावचे मातंग समाजातले ते कारागीर. दोर वळणे हा त्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. शेताच्या बांधावर केकताड असते, ज्याला कुणी घायपात म्हणतात. त्याची काटेरी टोकाची पाने कापून आणायची, पाण्यात कुजवायची, दगडावर ठेचायची, धुवायची आणि त्यातून पांढरा वाख काढायचा. कुजलेल्या पानांचा वास दोन दिवस अंगाचा जात नाही आणि रसाने हाताला खाज सुटते. मग वाख वाळवून आधी एका बाजूला पीळ देत पेड करायचे, आणि असे तीन पेड घेऊन उलट्या बाजूला पीळ देत दोर वळायचा. उलटा पीळ का? पेड सुटायला बघतात तेव्हा दोर आवळतो, दोर सुटायला बघतो तेव्हा पेड आवळतात. दोघे एकमेकांना धरून ठेवतात. हे आम्हाला त्या घरातल्या एका आजींनी दाखवले. वय ऐंशीच्या पुढे. बोटे वाकडी झालीत, पण मांडीवर वाख ठेवून तळहात असा फिरवला की आम्ही बघत राहिलो. "तुमच्या तंबूला अंबाडीचा चालत नव्हता," त्या म्हणाल्या, "अंबाडी मऊ, लवकर कुजते. तुमच्यासाठी वेगळा वाख काढून ठेवायचे आमचे सासरे."

आम्ही त्यांना विचारले, ते वारीला यायचे का? "यायचे की. दोर पोचवायला आले की तसेच पुढं जायचे."

मग झोपायचे कुठे, हे विचारायला आमची जीभ रेटेना. पण त्यांनीच सांगितले. राहुटीच्या बाहेर. स्वतः वळलेल्या तणाव्याच्या पलीकडे, गाडीच्या चाकाला टेकून. पंढरपुरात महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीचे आणि कळसाचे दर्शन घेऊन परत यायचे. साने गुरुजींनी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण सुरू केले, ते सुटले आणि विठ्ठलाचे मंदिर सर्वांना उघडे झाले, हे सर्वांना माहीत आहे. आमच्या राहुटीचा पडदा उघडायला त्यानंतरही काही वर्षे लागली. किती, ते वहीत नाही. आजींना आठवते ते एवढेच, की त्यांच्या लग्नानंतर एका वारीला सासरे आत झोपले आणि घरी येऊन चार दिवस तेच सांगत होते. हे या ग्रंथात लिहावे की नाही यावर बैठकीत बोलणे झाले. आम्ही म्हटले, दोरांचा इतिहास लिहायचा तर हा पहिला लिहावा लागेल. त्यावर कुणी हरकत घेतली नाही.

वाखाच्या दोराचा एक स्वभाव होता आणि तो जुन्या मंडळींच्या अंगात भिनला होता. असला दोर भिजला की आखडतो. सुताचा असो, वाखाचा असो, तागाचा असो, पाणी प्यायले की धागा फुगतो, जाड होतो, पीळ घट्ट बसतो आणि लांबी कमी होते. संध्याकाळी तारेसारखा ताणून बांधलेला तणावा रात्री पावसात आणखी आखडला, तर एकतर मेख उपटतो, नाहीतर कापडाचे भोक फाडतो. म्हणून नियम असा की पहिला थेंब पडला की उठायचे आणि सगळे तणावे चार बोटे सैल करायचे. सकाळी ऊन पडले की दोर पुन्हा सैल पडतात, तेव्हा पुन्हा ताणायचे. हे काम करणाऱ्याला रात्रीचा जागल्या म्हणत. तो तंबूच्या दाराशी पाय बाहेर काढून झोपायचा, म्हणजे पाऊस आधी त्याच्या पायावर पडे. आमचे एक तात्या सांगायचे, "पाय ओला झाला की हात दोराकडं जायचा, डोळे नंतर उघडायचे."

सैल करणे सोपे जावे म्हणून तणाव्यावर दोन भोकांची एक लाकडी पट्टी ओवलेली असे, बाभळीची. ती वर सरकवली की दोर ताणतो, खाली घेतली की सैल. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराचे जुने तंबू बाजारात आले, त्यातला एक दिंडीने घेतला. त्याच्या दोरांनाही नेमकी तीच पट्टी होती, फक्त रंधा मारलेली. तो तंबू आम्ही लहानपणी पाहिला आहे. भिजला की उचलायला सहा माणसे लागत.

मधे काही वर्षे काथ्याचे दोर वापरले गेले. नारळाचा काथ्या कोकणातून आणि केरळातून येई, स्वस्त पडे, पाण्यात कुजत नसे. काथ्या मुळातच लवचीक, झटका बसला तर जरा ताणून पुन्हा मागे येतो. वाऱ्याला तो चांगला. पण हाताला सोलून काढायचा, आणि जाडजूड असल्यामुळे त्याची गाठ बसायची नाही. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात. आमच्या काथ्याच्या दोरांचा पीळ तर भिजल्यावर असा उसळायचा की गुंडाळी करून ठेवली तरी सकाळी सापाच्या पिलांसारखी पसरलेली असायची. स्वयंपाकाच्या माउली तर त्यांच्या जवळ जायला तयार नसत. दोनतीन वर्षांत मंडळी पुन्हा वाखाकडे वळली.

मग नायलॉन आले. आमच्या दिंडीच्या इतिहासातली वाईट रात्र यामुळेच आली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नायलॉन अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस करोथर्स यांनी १९३५ मध्ये तयार केले. १९३८ मध्ये ते जगासमोर आले आणि युद्धात हवाई छत्र्या त्याच्या होऊ लागल्या. आपल्या बाजारहाटात त्याचे दोर दिसायला मात्र बरीच वर्षे गेली. १९७६ साली गरवारे-वॉल रोप्स ही दोर आणि मासेमारीची जाळी करणारी कंपनी निघाली, त्याच्या आसपास पुण्याच्या पेठेत पांढरे, चकचकीत, हलके दोर सहज मिळू लागले. दिंडीत तोवर बैलगाडी जाऊन ट्रक आला होता. तरण्या पोरांनी ठरवले, आता वाख बास. नायलॉन कुजत नाही, उंदीर सहसा त्याच्या वाटेला जात नाही, त्याच जाडीच्या वाखाच्या दोराहून दुप्पट जोर धरतो. हे सगळे खरे होते. सगळे तणावे एका वर्षात बदलले.

लोणंदहून निघून चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले आणि दिंडी तरडगावच्या तळावर आली. मंडळी खूश आणि दमलेली. हरिपाठ झाला, जेवणे झाली, सगळे आडवे झाले. रात्री अकराच्या सुमारास पाऊस सुरू झाला. जागल्या होते तेच आमचे तात्या. पाय ओला झाला, हात दोराकडे गेला. त्यांनी आयुष्यभराच्या सवयीने सगळे तणावे चार-चार बोटे सैल केले आणि पुन्हा झोपले.

आता नायलॉनचे असे आहे की ते भिजले की आखडत नाही, लांबते. पाणी धाग्याच्या आत मुरते, धागा मऊ पडतो आणि ओढीखाली वाढत जातो. ओल्या नायलॉनचा जोरही दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होतो, पण खरा घात लांबण्याने होतो. आधी सैल केलेला दोर आणखी सैल झाला. छताला झोळ पडला. झोळात पाणी साचले. एका मोठ्या घागरीएवढे, मग दहा घागरींएवढे. काळ्या मातीत खांबाचा पाय सरकला आणि बायकांची राहुटी एका बाजूने बसली. मधला खांब एका आजींच्या मनगटावर पडला. ओल्या कापडाखाली तीस-पस्तीस बायका, अंधार, आरडाओरडा, कंदील विझलेला. बाहेरून कापड उचलायला गेले तर पाण्याच्या वजनाने हलेना. शेवटी एका पोराने विळ्याने कापड फाडले तेव्हा पाणी गेले आणि माणसे बाहेर आली. जीव कुणाचा गेला नाही. आजींचे मनगट मोडले, त्या फलटणपर्यंत ट्रकमध्ये बसून आल्या आणि तिथून घरी गेल्या. त्यांची ती चाळिसाव्या आसपासची वारी, अर्ध्यात सुटली. पुढच्या वर्षी त्या आल्या, पण टाळ वाजवता येईना म्हणून नुसत्या चालल्या.

तात्यांनी त्यानंतर जागल्याचे काम सोडले. दोष त्यांचा नव्हता. दोर बदलणाऱ्यांनी त्यांना दोराचा स्वभाव सांगितला नव्हता, आणि सांगणार कसे, त्यांना तरी कुठे माहीत होता? बांधताना कोरडा आणि घट्ट दिसला म्हणजे झाले असे त्यांनी धरले. आम्ही तेव्हा पोरसवदा होतो. दोर बदलणाऱ्यांत आमचे थोरले भाऊ होते. घरात त्यावर आजपर्यंत धड बोलणे झालेले नाही.

त्या वर्षी पुढच्या सगळ्या मुक्कामांवर, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, रोज रात्री पोरांनी पाळ्या लावल्या आणि पावसात उठून तणावे सैल करण्याऐवजी ताणले. नियम उलटा झाला. पण गंमत अशी की सकाळी ऊन पडून नायलॉन वाळले की तेच दोर आखडून मेखा वर येऊ लागायच्या. म्हणजे जागरण होतेच, फक्त त्याची वेळ बदलली.

यावर उपाय सापडला तो एका ट्रक ड्रायव्हरमुळे. सामानाच्या ट्रकवर तो ताडपत्री बांधायचा ती जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी. पंक्चर होऊन बाद झालेली ट्यूब कात्रीने आडवी कापली की बांगडीसारखे वेटोळे निघते. ते ताडपत्रीच्या रिंगेत अडकवायचे आणि त्यातून दोर न्यायचा. खड्ड्यात ट्रक आपटला, वाऱ्याने ताडपत्री फडफडली, तर झटका रबर खाते. रिंग फाटत नाही. त्याने आमच्या राहुटीकडे बघून म्हटले, "माउली, तुमच्या दोराला श्वास घ्यायला जागाच नाही." त्याने चार कोपऱ्यांना चार वेटोळी लावून दिली.

त्या रात्री पाऊस झाला आणि राहुटीला झोळ पडला नाही. कारण साधे आहे. रबर आधीच ताणून ठेवलेले असते. नायलॉन भिजून दोन बोटे लांबले, तर रबर तेवढेच मागे येते आणि कापड ताठ राहते. ऊन पडून नायलॉन आखडले, तर रबर तेवढे पुढे जाते. जागल्याचे निम्मे काम त्या काळ्या बांगडीने केले. रबराच्या बंदांची ही युक्ती जगाला नवी नव्हती. लंडनच्या थॉमस हॅन्कॉकने १८२० मध्येच हातमोजे, बूट आणि मोजे यांच्यासाठी ताणणाऱ्या बंदांचे पेटंट घेतले होते. आमच्यापर्यंत ती पंक्चरच्या दुकानातून पोचली.

वेटोळे लावण्यातही शहाणपण लागते. ते कापडाच्या बाजूला लावायचे, मेखेच्या बाजूला नाही, कारण जमिनीवर चिखल, गोटे आणि लोकांचे पाय असतात. ताणायचे ते मूळ लांबीच्या दीडपटीपर्यंत, जास्त नाही. पूर्ण ताणून ठेवले तर झटक्याला जागाच उरत नाही. मधल्या खांबाच्या मुख्य तणाव्यांना रबर लावायचे नाही, ते ताठच हवेत, नाहीतर राहुटी वाऱ्यात डुलायला लागते. आणि रबराच्या जोडीने एक सैल दोर रिंगेतून मेखेपर्यंत जायलाच हवा. रबर आज ना उद्या तुटते. ऊन आणि हवा त्याला भेगा पाडतात. तुटले तर राहुटी त्या दुसऱ्या दोरावर उभी राहिली पाहिजे.

हा शेवटचा नियम आमच्याकडे आहे, पण दुसरा एक नियम आम्ही फार महाग घेतला. काही वर्षांनी बाजारात सामान बांधायचे रबरी दोर आले. वर रंगीत विणलेले कापड, आत रबराचे धागे, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे. मोटरसायकलच्या मागे बांधतात तेच. दिसायला छान, लावायला सोपे. आम्ही दोन डझन आणले. जेजुरीच्या मुक्कामावर, तिथल्या मुरमाड जमिनीत मेख नीट बसली नव्हती आणि एका पोराने आकडा मेखेला अडकवून ताणला. मेख सटकली. ताणलेले रबर आकड्यासकट परत आले आणि बाजूला उभ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या डाव्या डोळ्याला लागले. पुण्याला नेला. डोळा राहिला, नजर फारशी राहिली नाही. तो मुलगा आता संसारी आहे आणि अजून वारीला येतो. त्याच्या वडिलांनी आम्हाला एक शब्द बोलून दाखवला नाही, त्यामुळे जास्त लागते.

तेव्हापासून आकडेवाले रबर दिंडीच्या सामानात येत नाही. कुणी मोटरसायकलवर आणले तर ते मोटरसायकलवरच राहते. रबर लावायचे ते वेटोळ्याचे, ज्याला लोखंड नाही. आणि ते ताणताना तोंड बाजूला. नवीन पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगतो. ती हसतात. मग आम्ही गोष्ट सांगतो.

नायलॉननंतर स्वस्त म्हणून निळे-हिरवे प्लास्टिकचे दोर आले. ते पॉलिप्रॉपिलीनचे. १९५४ साली इटलीत ज्युलिओ नात्ता यांनी ते शोधले, पुढे १९६३ चे नोबेल त्यांना कार्ल झिगलर यांच्याबरोबर वाटून मिळाले. हा दोर पाणी पीत नाही, त्यामुळे पावसात फारसा बदलत नाही. इतका हलका की नीरेत पादुकांच्या स्नानाच्या वेळी एकाच्या हातून गुंडाळी पडली तर तरंगत पुढे गेली. पण त्याला दोन खोडी आहेत. एक म्हणजे गुळगुळीत असल्यामुळे गाठ सरकते. वाखाला जी सरकगाठ जन्मभर पुरली ती याच्यावर रात्रभरही धरत नाही, दोन वेढे जास्त द्यावे लागतात. दुसरी म्हणजे उन्हाने तो मरतो. वरून धडधाकट दिसतो, हातात चोळला की निळी पूड निघते. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. ती दोन वर्षे आमचे सामान कोठीत पडून होते, काही गच्चीवर. २०२२ ला उघडले तेव्हा सुती दोर उंदरांनी कुरतडलेले, रबराची वेटोळी एकमेकांना चिकटलेली, गच्चीवरचे निळे दोर नुसते उचलले तर तुटले. नायलॉन मात्र जसेच्या तसे. आणि एका कोपऱ्यात, जुन्या तंबूच्या पिशवीत, वाखाच्या दोराचे चार हात. तोही धड होता.

सध्या आम्ही पॉलिएस्टरवर आलो आहोत. पाणी जवळजवळ पीत नाही, नायलॉनच्या मानाने फार कमी ताणतो, ऊन बरेच सोसतो. महाग आहे. हिशेब बघणारे म्हणतात, सहा मिलीमीटरचा घ्या, काही शे किलो उचलतो, राहुटीला त्याहून जास्त कशाला? बरोबर आहे. पण आम्ही आठचा मागतो आणि त्याचे कारण ताकद नाही. पहाटे चार वाजता, ओल्या थंड हातांनी, चिखलाने माखलेली गाठ सोडायची असते. बारीक दोर बोट कापतो आणि त्याची निरगाठ बसली की सुटत नाही, मग कुणीतरी विळा काढतो आणि दरवर्षी दोर दोन हातांनी तोकडा होतो. जाडी आम्ही हातांसाठी घेतो. गाठ मारायची ती सुरगाठ, आणि सुरगाठीला पकड यायला दोर जरा अंगाचा लागतो. टोके मेणबत्तीवर जाळून घ्यायची, वाखाच्या काळात सुताने गुंडाळायचो तसे.

मेख ठोकायची ती राहुटीकडे पाठ करून तिरकी, आणि खांबाच्या उंचीएवढी तरी दूर. जागा कमी म्हणून पोरं जवळ ठोकतात, मग दोर उभा पडतो आणि मेख वर ओढली जाते. प्रत्येक तणाव्याला कमरेच्या उंचीवर पांढरी चिंधी. रात्री बाहेर जाणाऱ्या माउली दोराला अडखळून पडतात, आणि त्यात म्हाताऱ्याच जास्त. आता चमकणारे धागे विणलेला दोर मिळतो, बॅटरीचा उजेड पडला की दिसतो. पण बॅटरी सगळ्यांकडे नसते. चिंधी चांदण्यातही दिसते.

गेल्या वर्षी एक सूचना आली, की हे सगळे सोडून मंडपवाल्याला ठेका द्यावा. काही दिंड्यांनी दिला आहे, त्यांच्या राहुट्या आमच्यापेक्षा नीट उभ्या असतात, हेही कबूल करतो. आमच्यातले निम्मे साठीच्या पुढचे आहेत. पोरं येतात, पण एक वर्ष येतात आणि पुढच्या वर्षी नोकरीची रजा मिळत नाही. या सूचनेवर अजून निर्णय झालेला नाही. यंदा तरी राहुट्या आम्हीच उभ्या करणार आहोत.

त्यासाठी आठ मिलीमीटरचे पॉलिएस्टर दोर आणून झाले आहेत. प्रत्येक तणावा बारा हातांचा कापला आहे. ट्यूबची वेटोळी साठ लागतील, पस्तीस झाली आहेत. ज्यांच्याकडे ट्रकची किंवा ट्रॅक्टरची बाद ट्यूब पडून असेल त्यांनी ज्येष्ठ वद्य पंचमीपर्यंत कोठीवर आणून द्यावी; सायकलची नको, ती पुरत नाही. वाखाचे ते चार हात आम्ही आजींच्या घरी नेऊन दाखवले. त्यांनी पीळ उलगडून बघितला, नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "सासऱ्यांचाच." शताब्दीच्या कार्यक्रमात विण्याजवळ तो ठेवायचा ठरले आहे. खाली त्यांच्या सासऱ्यांचे नाव लिहिण्यासाठी आजींची परवानगी मागितली आहे, त्या नातवाला विचारून सांगणार आहेत.